बाबांच्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह लोकांना दाखवाव्यात का?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई, माझ्या बाबांचा नारायण पेठेत फोटो स्टुडिओ होता, पन्नासच्या दशकात सुरू केला आणि ऐंशीच्या दशकापर्यंत चालवला. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आता वाडा बिल्डरकडे जातोय, दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्यात. माळ्यावरून तीन ट्रंका खाली काढल्या तर आत काचेच्या प्लेटा, पाकिटातल्या निगेटिव्ह आणि थोडे प्रिंट निघाले, एका ट्रंकेला तर व्हिनेगरसारखा उग्र वास येतोय. बरेचसे स्टुडिओत काढलेले लोकांचे फोटो आहेत पण बाबा हौसेने बाहेरही खूप काढायचे, मंडई, लक्ष्मी रोडची मिरवणूक, पानशेतच्या पुरानंतरची पेठ. भाच्याने पुराचे काही फोटो इन्स्टावर टाकले, लोकांनी भरपूर शेअर केले, आणि एकाने त्यावर स्वतःचा लोगो लावून आपल्या पेजवर टाकला. दादा म्हणतो नेटवर टाकलं की गेलं, एक संग्राहक बरे पैसे देतोय, त्यातलं त्याला हवं ते देऊन मोकळं होऊ. आई ८६ वर्षांची आहे, ती म्हणते लोकांनी विश्वासाने फोटो काढून घेतले, त्यांच्या लेकीसुना आपण चारचौघांत का मांडायच्या. मला वाटतं हे पुण्याचं आहे, लोकांना बघायला मिळालं पाहिजे. काय करू? हिशोबाच्या पाच-सहा जाड वह्यापण आहेत पण त्या रद्दीत देतोय, जागाच नाहीये.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर

नमस्कार. बाकी सगळं नंतर बोलू, आधी त्या वह्या रद्दीतून बाहेर काढा. आजच. दिल्या असतील तर रद्दीवाल्याकडे जाऊन वजनाचे पैसे देऊन परत आणा. तुम्ही ज्यांना हिशोबाच्या वह्या म्हणताय त्यातली एखादी तरी स्टुडिओचं रजिस्टर असणार असं मला जवळजवळ खात्रीने वाटतंय. जुन्या स्टुडिओत प्रत्येक निगेटिव्हला नंबर द्यायची पद्धत होती, नंबर निगेटिव्हच्याच कोपऱ्यात शाईने लिहायचे नाहीतर टोकदार सुईने कोरायचे, तोच नंबर पाकिटावर आणि तोच वहीत. आता एक पाकीट हातात घ्या, निगेटिव्ह कडेला धरून खिडकीच्या उजेडात बघा, कोपऱ्यात आकडा दिसतो का, उलटा दिसला तर फिरवून बघा. मग तो आकडा वहीत शोधा. त्याच्यासमोर तारीख असेल, गिऱ्हाईकाचं नाव असेल, साइज, किती कॉप्या, आगाऊ किती, बाकी किती. बाबांच्या हातची ती एक ओळ सापडली की तो फोटो कोणाचा, कधीचा हे कळलं. ती वही गेली तर तुमच्याकडे ट्रंकाभर अनोळखी चेहरे उरतील आणि मग ते नेटवर टाकले काय, विकले काय, संग्रहालयाला दिले काय, त्यांना कोणी ओळखणार नाही.

त्यामुळे पहिलं काम, मोबाइलने वह्यांच्या पानापानांचा फोटो काढा, अक्षर वाचता येईल असा. स्कॅनर नको, लायटिंग नको, दुपारी खिडकीशी बसून भाच्याला दोन-तीन दिवसांचं काम आहे. ते झालं की माझं पुढचं ऐका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो असंच आहे. दाखवा, मनापासून सांगते, दाखवाच. पण क्रम बदला. तुम्ही आत्ता स्कॅन, नेट आणि मग कधीतरी नावं अशा वाटेला लागलाय, ते उलटं करा, आधी नावं. आणि सरसकट सगळं दाखवायचं नाही. इथे मी तुमच्या आईच्या बाजूने आहे.

आईचं म्हणणं जुन्या वळणाचं आहे असं तुमच्या पत्रातून थोडंसं जाणवलं. पण कायदासुद्धा बराचसा त्यांच्यासारखंच बोलतो. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे, त्यात असं आहे की कोणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा काही करार झाला नसेल तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो गिऱ्हाईक, फोटोग्राफर नाही. म्हणजे काचेची प्लेट तुमची, ट्रंक तुमची, पण स्टुडिओत पैसे भरून काढलेल्या त्या जोडप्याच्या फोटोवरचा हक्क त्या जोडप्याचा, आता त्यांच्या मुलाबाळांचा. बाबांनी स्वतःच्या हौसेने काढलेले, मंडईचे, मिरवणुकीचे, पुराचे, ते बाबांचे, आणि त्यांच्यानंतर तुम्हा सगळ्या वारसांचे. २०१२ साली कायद्यात बदल झाला, त्यानंतर फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असा धरतात. जुन्या फोटोंचा हिशोब तो कधी काढला आणि कधी छापून आला यावर जातो, त्यासाठीसुद्धा परत ती वहीच लागणार.

तर तीन ट्रंकांचे आधी दोन ढीग करा. बाहेरचे फोटो एकीकडे आणि स्टुडिओतले दुसरीकडे. बाहेरचे मोकळेपणाने दाखवा. स्टुडिओतले घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका, चेहरा कितीही सुंदर आलेला असो, नऊवारीतली नवी नवरी असो की मुंजीतला बटू. मुलगी दाखवायला म्हणून काढून घेतलेले फोटो त्यात नक्की असतील, ते त्या काळी फक्त एका घरातून दुसऱ्या घरात जायचे. त्यातल्या कित्येक बायका आज पुण्यातच आजी म्हणून राहत असतील. त्यांच्या नातीने इन्स्टा स्क्रोल करताना अचानक आजीचा तो फोटो बघावा आणि खाली अनोळखी लोकांच्या कमेंट असाव्यात, हे मला तरी बरं वाटत नाही.

पण याचा अर्थ ते फोटो परत माळ्यावर टाकायचे असाही नाही. आता मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट सांगते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. नारायण पेठ, शनिवार पेठ, डेक्कनची बाजू. लोकांची भांडीकुंडी गेली, धान्य गेलं, ते पुन्हा आणता आलं. अल्बम गेले ते गेलेच. भिंतीवरच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, सगळं चिखलात. अशी कितीतरी घरं आहेत जिथे आजोबांचा एकही फोटो नाही आणि कारण विचारलं की एकच उत्तर येतं, पुरात गेला. आणि तुमच्या बाबांकडे पन्नासच्या दशकातल्या, म्हणजे पुराच्या आधीच्या, त्याच पेठेतल्या लोकांच्या निगेटिव्ह आहेत! नंबर घातलेल्या, वहीत नाव असलेल्या! कोणाच्या तरी आईवडिलांच्या लग्नाच्या जोडफोटोची जगातली एकमेव प्रत आत्ता तुमच्या ट्रंकेत असू शकते. ती त्या घरी पोचवणं हे मला कुठल्याही प्रदर्शनापेक्षा मोठं काम वाटतं.

ते करायचं कसं तर फोटो न दाखवता. पेठेतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मंडळाच्या फळ्यावर एवढंच लिहा की अमुक स्टुडिओच्या जुन्या निगेटिव्ह आमच्याकडे आहेत, तुमच्या घरातल्या कोणी तिथे फोटो काढला असेल तर नाव आणि अंदाजे साल कळवा, शोधून प्रत देऊ. पुराआधीची वर्षं वहीत आधी बघा. फोटो परत देताना त्यांनाच विचारा की हा लोकांना दाखवला तर चालेल का, आणि हो म्हणाले तर साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही घ्या. काही जण नाही म्हणतील, तो फोटो तिथे थांबला. पण बरेच जण हो म्हणतील असं मला वाटतं, आणि वर त्या माणसाची गोष्ट सांगतील ती वेगळीच. इंडियन मेमरी प्रोजेक्ट नावाचं एक ऑनलाइन संग्रहाचं काम २०१० पासून चालू आहे, तिथे लोक आपल्या घरातला जुना फोटो आणि त्यामागची हकीकत असं दोन्ही मिळून देतात, ते जरूर बघा. फोटो त्या घरातल्याच माणसाने दिलेला असला की बघणाऱ्याची नजरसुद्धा बदलते.

आता आई. त्या ८६ वर्षांच्या आहेत, आणि स्पष्टच बोलते, राग मानू नका, ट्रंकांपेक्षा त्यांच्याकडे आधी बसा. काचेची प्लेट नीट ठेवली तर अजून ५० वर्षं सहज टिकेल. स्टुडिओत कोण यायचं, पडदा कोणी रंगवला, बाबांनी पुराच्या दिवसांत रोल आणला कुठून, डार्करूममध्ये मदतीला कोण होतं हे त्यांनाच माहीत आहे. दुपारी चहाच्या वेळी अर्धा-पाऊण तास, जास्त नको, त्या थकतात. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्यांना सांगून. फोटो मोबाइलवर दाखवू नका, टीव्हीवर मोठा करून लावा नाहीतर मोठा प्रिंट हातात द्या. आणि हा कोण, हा कोण असं परीक्षेसारखं विचारू नका, नाव आठवलं नाही की माणूस खट्टू होतो आणि मग आठवणारंही आठवत नाही. हे दुकान कुठे होतं, तेव्हा आपण कुठे राहायचो, हा सण कुठला असेल असं विचारा, नावं आपोआप येतात. स्टुडिओत कामाला असलेला, रीटचिंग करणारा कोणी हयात असेल तर त्यांनाही गाठा.

रीटचिंगवरून आठवलं, काचेची प्लेट तिरकी धरून बघा, चेहऱ्याच्या जागी बारीक शिसपेन्सिलीचे ठिपके आणि रेघा दिसतील. डोळ्याखालचं काळं, देवीचे व्रण असं हाताने झाकायचे, निगेटिव्हवरच. ते डाग समजून पुसू नका! बाबांचं किंवा त्यांच्या कारागिराचं काम आहे ते, आणि कापूस, पाणी, स्पिरिट काहीही लावलं तर जाईल.

आता वासाची ट्रंक, याला उशीर चालणार नाही. तो व्हिनेगरचाच वास आहे, अक्षरशः. जुनी फिल्म ज्या अ‍ॅसिटेटची असायची ते उष्णतेने आणि दमटपणाने विरायला लागलं की त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं, आणि बंद डब्यात ती वाफ कोंडली की शेजारच्या चांगल्या फिल्मपण लवकर खराब होतात. पत्र्याची ट्रंक, वाड्याचा माळा, पुण्याचा एप्रिल-मे आणि वर पावसाळा म्हणजे व्हायचं तेच झालंय. ज्या पाकिटांना वास येतोय ती वेगळी काढा, दुसऱ्या खोलीत हवेशीर ठेवा, स्कॅनिंगला पहिला नंबर त्यांचा. झालेलं नुकसान परत येत नाही, पण गार कोरड्या जागी वेग कमी होतो. नवीन पाकिटं साध्या चांगल्या कागदाची घ्या, प्लास्टिकची नकोत. जुनं पाकीट टाकून देऊ नका, त्यावरचं लिखाण हवंय, त्याचापण फोटो काढा. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर काढून टाका. पन्नाशीच्या सुरुवातीच्या रोलच्या कडेला इंग्रजीत सेफ्टी असं छापलंय का तेवढं बघून घ्या, नसेल तर ती जुनी नायट्रेटची फिल्म असू शकते, भराभर पेट घेते, तिला देवघराच्या आणि गॅसच्या आसपास ठेवायचं नाही आणि जाणकाराला दाखवायचं. काचेच्या प्लेटा एकावर एक रचू नका, खालच्या वजनाने तडकतात, खोक्यात उभ्या ठेवा, मध्ये कागद. धरायच्या फक्त कडेने. तडकलेली असेल तर ती मात्र पुठ्ठ्यावर आडवी, आणि सेलोटेप लावू नका.

स्कॅनिंगचं फार टेन्शन घेऊ नका, भाच्याला जमेल. प्रिंट ६०० डीपीआयला (स्कॅनरमधली बारकाव्याची सेटिंग), टिफ फाइल, म्हणजे फोटो दाबून लहान होत नाही ती. निगेटिव्हसाठी खालून उजेड देणारा स्कॅनर हवा, तो नसेल तर लाइट पॅनेल, स्टँडला उलटा लावलेला डीएसएलआर कॅमेरा आणि मॅक्रो, म्हणजे जवळून बारकावा टिपणारी लेन्स, काचेच्या प्लेटांना तर हेच जास्त सोयीचं. फाइलला नाव वहीतलाच नंबर द्या, आयएमजी अमुकतमुक नको. आणि प्रत तीन ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर, दादाकडे ठेवा म्हणजे त्यालाही वाटेल की हे आपलं दोघांचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फाइल पाठवून तीच मूळ म्हणून जपू नका, तिथे फोटो दाबून लहान होतो.

बाहेरच्या फोटोंबद्दल माझ्या डोक्यात एक कल्पना आहे. इन्स्टाच्या आधी गणपतीत तुमच्या पेठेतल्या मंडळाशी बोला, मांडवाच्या बाजूला पंचवीस-तीस फोटो लावा, मोठे प्रिंट, प्रत्येकाखाली फक्त नंबर, आणि खाली टेबलावर एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन. कोणाला माणूस ओळखू आला, दुकान ओळखू आलं, काही चुकीचं वाटलं तर लिहा म्हणावं. दहा दिवसांत त्या वाटेने अख्खी पेठ जाते, उपनगरात राहायला गेलेले जुने लोकपण दर्शनाला येतात. तुम्ही किंवा भाचा संध्याकाळी तिथे बसा, काही आजोबा लिहिणार नाहीत पण तासभर बोलतील. मंडईच्या फोटोतला तो टोपीवाला माणूस कोण हे तुम्हाला नेटवरच्या हजार लाइक्समधून कळणार नाही, तिथे एका संध्याकाळी कळेल. नंतर बालगंधर्वच्या कलादालनात मोठं प्रदर्शन करायचं तर करा, तोवर प्रत्येक फोटोखाली लिहायला काहीतरी असेल. फक्त पुराचे फोटो निवडताना जपा, त्यात पडक्या घरासमोर रडणारी, अंगावरच्या कपड्यानिशी उभी माणसं असतील, चेहरा ओळखू येत असेल तर तो फोटो मांडवात लावू नका.

भाच्याला रागवू नका, त्याच्यामुळेच तर घरात हा विषय निघाला. त्याला सांगा की वहीतली नावं जुळेपर्यंत नवीन काही टाकू नको आणि टाकलेल्याखाली आजोबांचं नाव, जागा आणि साल लिही. लोगो लावणाऱ्याला आधी सरळ मेसेज करा, बरेच जण नाव द्यायला तयार होतात, नाहीच ऐकलं तर इन्स्टावर कॉपीराइटची तक्रार करता येते, मूळ निगेटिव्ह तुमच्या हातात आहे. फोटोच्या मधोमध भलामोठा वॉटरमार्क मात्र घालू नका, चोर तो पुसतात आणि बाकीच्यांचा बघायचा आनंद जातो. नेटवर लहान साइजचा टाका, मोठी फाइल मागणाऱ्याने तुम्हाला विचारावं. आपला फोटो लोकांनी कसा वापरावा हे आधीच सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने असतात, त्यात नाव द्या पण धंद्यासाठी वापरू नका असाही एक आहे, तो बघा. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या खुल्या फोटोसाठ्यात टाकायचं असेल तर तिथे धंद्यासाठी वापरायलाही परवानगी द्यावी लागते आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, त्यामुळे घरात सगळ्यांचं ठरल्याशिवाय ते करू नका. हक्क आईंचा, दादाचा, तुमचा असा सगळ्यांचा आहे, तुम्ही एकट्याने दिलं तर उद्या वाद होईल. वाड्याच्या कागदांसाठी वकील आहेच, त्याच बैठकीत याचापण एक कागद करून घ्या.

राहिला दादा आणि तो संग्राहक. पैसे घेणं वाईट नाही, वाडा सोडायचा म्हणजे खर्च असतोच. मला भीती आहे ती त्याला हवं ते दिलं की संग्रह फुटेल याची. शिकागोत व्हिव्हियन मायर नावाच्या बाई होत्या, मुलं सांभाळायचं काम करायच्या आणि आयुष्यभर रस्त्यावर फोटो काढायच्या, कोणाला दाखवले नाहीत. भाडं थकलं म्हणून २००७ साली त्यांच्या गोदामातल्या सामानाचा लिलाव झाला, खोकी वेगवेगळ्या लोकांनी नेली. २००९ मध्ये बाई गेल्या, मग जगभर नाव झालं, आणि पुढे हक्क कोणाचा यावरून कोर्टकज्जे, कारण निगेटिव्ह विकत घेतली म्हणून कॉपीराइट मिळत नाही. तुमच्याकडचा संग्राहक पुराच्या आणि मिरवणुकीच्या प्लेटा उचलेल, पासपोर्ट साइजच्या निगेटिव्ह आणि वह्या मागे ठेवेल, आणि मग नंबर आणि नावं कायमची वेगळी झाली. याउलट आपल्याच शहरात बघा. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास एकेक वस्तू जमवायला सुरुवात केली, आधी घरातच, लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने १९६२ मध्ये संग्रहालय झालं आणि १९७५ मध्ये ते राज्य शासनाकडे सोपवलं. दिवे, अडकित्ते, दारं, वाद्यं सगळं एकत्र राहिलं म्हणून आज शाळेची पोरं ते एका जागी बघतात.

एखाद्या संस्थेला द्यायचं झालं, फोटोंचंच काम करणारी दिल्लीची अल्काझी फाउंडेशन आहे, बंगळुरूचं मॅप म्हणजे म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी आहे, तर सगळं मिळून द्या, वह्यांसकट, आणि लेखी ठरवून द्या. कायमचं दान की सांभाळायला ठेव, स्कॅनच्या प्रती तुम्हाला मिळणार का, बाबांचं नाव कसं लागणार, स्टुडिओतले फोटो दाखवायच्या आधी घरच्यांना विचारलं जाणार का. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने आजोबांचे प्रिंट एका प्रदर्शनाला नुसत्या शब्दावर दिले होते, ते आजतागायत परत आले नाहीत, आणि भांडायला त्यांच्याकडे साधी पोचसुद्धा नव्हती.

त्या संग्राहकाला सध्या एवढंच कळवा की यादी चालू आहे, दिवाळीच्या आत काहीही द्यायचं नाही असं घरात ठरलंय, आणि तुटक विकणार नाही. खरंच आवड असलेला माणूस असेल तर थांबेल, कदाचित यादीला मदतही करेल. दादाला हे पटवायला माझं पत्र दाखवलंत तरी चालेल. आणि वाडा सोडताना ट्रंका टेम्पोत फर्निचरबरोबर चढवू नका, तुमच्या गाडीत मागच्या सीटवर, प्लेटा उभ्या, आणि वह्या तुमच्या मांडीवर.